चार खणांचे घर : ससेक्समधली दोन मध्ययुगीन लाकडी घरे (चर्चेचा धागा; प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव)

माजघर

इंग्लंडातल्या पूर्व ससेक्समधल्या आल्फ्रिस्टन या खेड्यात, सेंट अँड्र्यूच्या चर्चला लागून असलेले एक गवती छपराचे घर जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्टने १८९६ साली १० पाउंडांना विकत घेतले. ट्रस्टची स्थापना त्याच्या आदल्याच वर्षीची, आणि या संस्थेने घेतलेली ही पहिली इमारत. चौदाव्या शतकातले हे घर पुढे बराच काळ चर्चच्या मालकीचे असल्यामुळे त्याला 'क्लर्जी हाउस', म्हणजे पाद्र्यांचे घर, म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते इतके मोडकळीला आले होते की पाडून टाकण्याची परवानगीसुद्धा मिळालेली होती. गावच्या पाद्रीबाबांनी ते वाचवण्याचा ध्यास घेतला, विल्यम मॉरिस यांनी १८७७ साली सुरू केलेल्या प्राचीन इमारतींच्या संरक्षण संस्थेने त्यांना साथ दिली आणि ट्रस्टच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या ऑक्टेव्हिया हिल यांनी त्यासाठी पुढाकार घेतला.

मागच्या महिन्यात मी ते घर पाहिले आणि दुसऱ्या दिवशी पश्चिम ससेक्समधल्या सिंगलटन येथील वील्ड अँड डाउनलँड संग्रहालयात जाऊन त्याच जातीचे 'बेलीफ' हे दुसरे घर पाहिले. आल्फ्रिस्टनचे घर जागच्या जागी आहे, पण त्याचा एक भाग सतराव्या शतकात बदललेला आहे. बेलीफ आपल्या जागी नाही, पण त्याची रचना अधिक स्वच्छ वाचता येते. म्हणून या धाग्यात घर समजावून सांगायला मी मुख्यतः बेलीफच घेतो.

बेलीफ मूळचे केंट परगण्यातल्या चिडिंगस्टोनचे. बाउ बीच जलाशयासाठी ती जागा जाणार म्हणून १९६८-६९ साली त्याचा सांगाडा सुटा करण्यात आला आणि १९७२ साली तो संग्रहालयाच्या आवारात पुन्हा उभा राहिला. आख्खे घर सुटे करून दुसरीकडे नेता येते, याचे कारण त्याच्या रचनेतच आहे. इथे भिंत छप्पर तोलत नाही. छपराचा आणि माडीचा सगळा भार ओकच्या सांगाड्यावर असतो. भिंती म्हणजे त्या सांगाड्यातल्या रिकाम्या चौकटी बुजवणारे भरण.

हा सांगाडा समजून घेताना आपल्या वाड्यांच्या भाषेतला 'खण' हा शब्द मला फार उपयोगी पडला. दोन खांबांमधले अंतर आपण खणाने मोजतो, आणि घराचा थाट सांगताना पाच खणी, सात खणी असे म्हणतो. इंग्रज सुतारही घराचा हिशेब असाच करत होता. बेलीफ चार खणांचे आहे. मधल्या दोन खणांचे मिळून एक मोठे दालन, आणि दोन्ही टोकांना एकेक खण. मात्र टोकांचे खण दुमजली. मधल्या दालनावर माळा नाही. जमिनीपासून छपराच्या शेंड्यापर्यंत ते मोकळे आहे, मधोमध जमिनीवर उघडी चूल आहे आणि धुरांडे नाही.

दालनाच्या एका अंगाला समोरासमोर दोन दारे आहेत आणि त्यांच्यामधून घर आडवे ओलांडणारी वाट जाते. ही घराची 'खालची' बाजू. वाटेच्या पलीकडे दोन कोठ्या, एक पेयांची आणि एक पावाची व कोरड्या जिनसांची. दुसऱ्या अंगाला घराची 'वरची' बाजू : तिथे यजमानाचे मेज, त्याच्या पाठीमागे खासगी बैठकीची खोली आणि तिच्या माडीवर निजायची खोली, जिच्या भिंतीबाहेर काढलेला छोटा संडासही आहे. जमीन एकाच पातळीवर असूनही कोणी कुठे बसायचे हे खणांनीच ठरवून टाकलेले होते. ही वरची बाजू १५०५ ते १५१० या दरम्यान तोडलेल्या झाडांची आहे आणि बाकीचे घर पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धातले आहे.

बाहेरून पाहिले तर टोकांच्या खणांची माडी खालच्या भिंतीच्या पुढे डोकावते आणि मधल्या दालनाची भिंत मागेच राहते. छप्पर मात्र सबंध लांबीला एकच असल्यामुळे दालनासमोरची वळचण अधांतरी येते, आणि तिला तोलायला दोन्ही बाजूंच्या माडीपासून बाकदार टेकू निघतात. केंट आणि ससेक्समधल्या वील्ड या प्रदेशात ही ठेवण इतकी आढळते की या घरांना 'वील्डन' घरे असेच नाव पडले आहे.

दोन्ही घरांत मी सर्वाधिक वेळ घालवला तो मान वर करून. कोरीव कामापेक्षा घराचा इतिहास तिथे वर, लाकडांत आणि त्यांच्या सांध्यांत जास्त आहे असे माझे मत झाले. जाणकारांनी भर घालावी.

कोर्टाची पायरी

धागा उघडला आणि 'बेलीफ' वाचून प्रथम समन्स घेऊन आलेला माणूसच आठवला. असो. माझी शंका खरी आहे. थंड देशात, घराच्या मधोमध आग पेटवून वर धुरांडे ठेवायचे नाही, हा प्रकार मला समजत नाही. माणसे त्या धुरात राहत कशी होती?

माजघर

इंग्रजीत ते Bayleaf असे लिहितात; घराचे नाव आहे, वॉरंट घेऊन येणाऱ्याचे नव्हे!

धुराचे उत्तर दालनाच्या उंचीत आहे. गरम धूर वर चढतो आणि उंच छपराच्या पोकळीत साठतो; खाली बसलेल्या माणसाच्या डोक्यावर बरीच मोकळी हवा राहते. हा धूर वळचणीच्या फटींतून, कौलांच्या सांध्यांतून आणि छपराच्या टोकाला ठेवलेल्या छोट्या त्रिकोणी उघड्या तोंडातून हळूहळू बाहेर पडतो. आपल्याकडच्या कौलारू स्वयंपाकघरातला धूर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे नवीन वाटणार नाही.

खिडक्यांना काचा नव्हत्या. उभे चौकोनी गज कोन पुढे येईल असे तिरके बसवलेले असत आणि आतून लाकडी झडपा असत. वारा ज्या बाजूचा असेल त्या बाजूच्या झडपा लावायच्या आणि समोरच्या उघड्या ठेवायच्या, म्हणजे उजेडही येई आणि धूरही फार भरकटत नसे.

या धुराने मागे ठेवलेली काजळी हाच आता पुरावा झाला आहे. एखाद्या जुन्या घरात आज माळा आहे, धुरांडे आहे, सगळे आधुनिक दिसते. पण पोटमाळ्यावर चढून विजेरी मारली आणि मधल्या दोन खणांचे वासे डांबरासारखे काळे, तर टोकांच्या खणांचे वासे स्वच्छ दिसले, की ते घर एके काळी उघड्या दालनाचे होते हे ठरते. काजळी कुठल्या लाकडावर आहे आणि कुठल्या नाही, यावरून नंतर घातलेले लाकूडही ओळखता येते. सोळाव्या-सतराव्या शतकांत विटांची धुरांडी आली आणि बहुतेक घरांत त्या उंच पोकळीत माळा पडून वर निजायच्या खोल्या झाल्या. इतिहासकार डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांनी १९५३ साली या सगळ्या बदलांच्या लाटेला 'महापुनर्बांधणी' असे नाव दिले आणि तिचा काळ साधारण १५७० ते १६४० असा धरला. पुढच्या संशोधकांनी या कालमर्यादेवर बराच वाद घातला आहे, पण नाव टिकले.

सुतारपक्षी

माझे आजोबा रत्नागिरीकडे घरांची लाकडी कामे करत असत, आणि त्यांच्या हाताखाली मी दोन उन्हाळे रंधा मारलेला आहे. कामानिमित्त इंग्लंडात असताना मी बेलीफ दोनदा पाहिले. पहिल्या भेटीत छपराखाली उभे राहून मी आढे शोधत होतो, आणि ते सापडेना.

आपल्या घरात आढे आधी आणि वासे नंतर. वासे आढ्यावर टेकतात आणि तिथून भिंतीकडे उतरतात. या घरांत आढे नाहीच! समोरासमोरचे दोन वासे शेंड्यावर एकमेकांत खाच करून, खुंटी मारून जोडलेले असतात, आणि त्यांच्या साधारण मध्यावर एक आडवे लाकूड दोघांना बांधते. वाशांच्या अशा जोड्या एकामागे एक उभ्या केल्या तर पत्त्यांच्या घरासारख्या एका अंगाला झोपतील, म्हणून त्या सगळ्या आडव्या लाकडांच्या पोटाखालून एक लांब लाकूड घराच्या लांबीत फिरवलेले असते. ते लाकूड तोलायला खणाखणावरच्या तुळईच्या मध्यावर एक आखूड खांब उभा केलेला असतो आणि त्याच्या माथ्यातून वर बाकदार हात फुटतात. इंग्रजीत याला 'क्राउन पोस्ट' म्हणजे मुकुटाचा खांब म्हणतात. दालनातून वर पाहिले की हा खांब नजरेच्या मधोमध येतो, आणि सुताराने घरातली नक्षी राखून ठेवलेली असते तीही बहुधा तिथेच.

दुसरी गोष्ट लाकडाच्या ओलेपणाची. आम्ही सागवान वर्ष-दोन वर्षे वाळवून मगच हत्यार लावायचो. ओक वाळला की दगडासारखा होतो, म्हणून मध्ययुगीन सुतार तो तोडल्यावर लगेच, ओला असतानाच कुऱ्हाडीने आणि वाकसाने चौकोनी करत असे. ओले लाकूड घरात बसल्यावर वाळते, आकसते आणि पिळते. मग सांधा सैल का होत नाही? याचे उत्तर खुंटीच्या भोकात आहे. खाचेच्या गालांतून आणि कुसवातून (खाचेत शिरणाऱ्या लाकडाच्या जिभेतून) जाणारी भोके एका रेषेत पाडलेली नसतात. कुसवातले भोक खाचेच्या तळाकडे नव्हे तर कुसवाच्या खांद्याकडे किंचित सरकवलेले असते. ओकचीच चिरफाळी करून तासलेली निमुळती खुंटी ठोकली की ती थोडी वाकून त्या भोकांतून जाते आणि कुसू खाचेत ओढून घेते. लाकूड कितीही आकसले तरी ही ओढ राहते. खुंट्यांची टोके भिंतीबाहेर बोटभर तशीच सोडलेली दिसतात, ती कोणी कापत बसलेले नाही.

लोखंडी खिळे का नाहीत, हेही यावरून लक्षात येईल. ओल्या ओकमधले टॅनिन हे तुरट द्रव्य लोखंडाला खाते आणि खिळ्याभोवती निळाकाळा डाग पसरतो. आजही ओल्या ओकचे काम करणारे सुतार धातू लागलाच तर न गंजणारे पोलाद वापरतात.

आणि एक गंमत. मुख्य खांब उलटे उभे केलेले आहेत. बुंध्याची रुंद बाजू वर आणि शेंडा खाली. खांबाच्या माथ्यावर भिंतीच्या लांबीतले लाकूड आणि खणावरची तुळई ही दोन्ही एकाच जागी येऊन बसतात, दोघांची कुसवे वेगवेगळी लागतात, आणि त्यासाठी माथा रुंद हवा असतो. झाडाने तो रुंदपणा बुंध्यात आयताच दिलेला आहे. आजोबांना हे सांगितले असते तर त्यांनी आधी नाक मुरडले असते, कारण त्यांच्या लेखी बुंधा जमिनीकडेच असला पाहिजे. पण तो सांधा पाहिल्यावर बहुधा गप्प बसले असते.

माजघर

सुतारपक्षी, आढ्याची गोष्ट माझ्या नजरेतून पूर्ण निसटली होती. एक विचारतो : लाकडांवर कोरलेल्या रेघा तुम्ही पाहिल्या असतील. मला त्या आधी उंदरांनी कुरतडल्यासारख्या वाटल्या.

सुतारपक्षी

त्या सुताराच्या खुणा आहेत. झाडे सरळ रेषेत वाढत नाहीत, त्यामुळे प्रत्येक सांधा त्या दोनच लाकडांसाठी जुळवून घ्यावा लागतो. एकाचे कुसू दुसऱ्या खाचेत बसत नाही. सबंध भिंतीची चौकट आधी जमिनीवर आडवी मांडून, ओळंब्याने जुळवून, सांधे कापून, मग सुटी करून घराच्या जागी नेत असत. तिथे कोणते लाकूड कुठले हे कळावे म्हणून सांध्याच्या दोन्ही बाजूंना एकच रोमन आकडा कोरायचा. चार म्हणजे सहसा चार उभ्या रेघा, कारण पाचातून एक वजा करण्याची पद्धत ओंडका उलटा पडला तर घोटाळा करते. एका बाजूच्या भिंतीचे आकडे दुसऱ्या बाजूपासून वेगळे ओळखू यावेत म्हणून रेघेला एखादे शेपूटही जोडत. बेलीफ चिडिंगस्टोनहून सुटे करून सिंगलटनला नेले, यात म्हणूनच मला फारसे नवल वाटले नाही. प्रत्येक घराने हा प्रवास जन्मताना एकदा केलेलाच आहे.

दर्यावर्दी

ससेक्समधल्या एका जुन्या खाणावळीत आम्हाला मालकाने छाती फुगवून सांगितले होते की तिथल्या तुळया स्पॅनिश आरमाराच्या फुटलेल्या जहाजांच्या आहेत. तुळयांवर रिकाम्या खाचाही दाखवल्या. जहाजांच्या लाकडांविषयी कोणी काहीच कसे लिहिले नाही?

माजघर

ही कथा इंग्लंडच्या जवळजवळ प्रत्येक लाकडी खाणावळीत ऐकायला मिळते, समुद्रापासून पन्नास मैल आत असलेल्या गावांतसुद्धा. सुतारपक्षींनी वर सांगितलेला ओलेपणा हाच तिच्यावरचा पहिला आक्षेप. ही घरे ताज्या तोडलेल्या ओकची आहेत, आणि जहाजातले जुने, वाळून खडखडीत झालेले, लोखंडी बोल्टांनी भोसकलेले आणि जहाजाच्या पोटाप्रमाणे वाकवलेले लाकूड घराच्या सरळ खणाला फारसे उपयोगाचे नसते. दुसरे, जडशीळ ओंडके कच्च्या रस्त्यांवरून बैलगाड्यांनी आणण्यापेक्षा गावाशेजारचे रान तोडणे स्वस्त होते. रानांचे अभ्यासक ऑलिव्हर रॅकहॅम यांनी सफोकमधल्या एका शेतघराची लाकडे मोजली तेव्हा त्याला सुमारे ३३० झाडे लागल्याचे दिसले, आणि त्यांतली बहुतेक सडपातळ होती. म्हणजे प्रचंड वृक्षांपेक्षा नेमाने तोडून वाढवलेले रान या घरांना हवे होते.

रिकाम्या खाचा दिसतात हे मात्र खरे. कधी तिथे पूर्वी भिंत किंवा खिडकी असते आणि ती काढलेली असते. कधी लाकूड दुसऱ्या पाडलेल्या घरातून आणलेले असते. जुने लाकूड वाया घालवण्याची चैन कोणालाच परवडत नव्हती.

या कथेचे एक खरे उदाहरण मात्र आहे, आणि ते लंडनच्या भर बाजारात आहे. लिबर्टी या दुकानाची १९२४ ची लाकडी इमारत 'इंप्रेग्नेबल' आणि 'हिंदुस्तान' या दोन युद्धनौकांच्या लाकडांतून बांधलेली आहे. ती दिसते सोळाव्या शतकाची, पण आहे विसाव्या शतकाची.

कोर्टाची पायरी

'१५०५ ते १५१०' हे इतके नेमके कोणी लिहून ठेवले होते का?

माजघर

झाडाने लिहून ठेवले होते. लाकडात बारीक नळी घालून गाभ्याचा तुकडा काढतात आणि त्यावरची वर्षवलये मोजतात. ओल्या वर्षी वलय रुंद, कोरड्या वर्षी अरुंद. या रुंद-अरुंदाचा क्रम त्या प्रदेशाच्या आधीच तयार केलेल्या क्रमाशी जुळवला की शेवटचे वलय कोणत्या वर्षाचे ते कळते. सालीखालचे शेवटचे वलय शिल्लक असेल तर झाड कोणत्या वर्षी पडले हे सांगता येते. सुताराने वरची कोवळी वलये तासून टाकलेली असतील, तर किती गेली असावीत याचा अंदाज धरून काही वर्षांचा पल्ला देतात. लाकूड ओलेच वापरत असल्यामुळे झाड पडल्यापासून घर उभे राहीपर्यंत फार काळ जात नसे, आणि ही गोष्ट या पद्धतीच्या फार पथ्यावर पडते.

केंटकर

मी गेली नऊ वर्षे केंटमधल्या एका खेड्यात अशाच एका, पण बेलीफच्या मानाने फार साध्या, लाकडी सांगाड्याच्या घरात राहतो. संग्रहालयातले घर आणि वीजबिल भरावे लागते ते घर यांत फरक असतो, म्हणून माझा अनुभव सविस्तर लिहितो.

आमचे घर द्वितीय श्रेणीच्या संरक्षित यादीत आहे. परवानगीशिवाय त्यात फेरफार करणे हा इंग्लंडात फौजदारी गुन्हा ठरतो, हे मला घर घेतल्यानंतर नीट समजले. घर घेताना दर्शनी भिंत अगदी गुळगुळीत होती. आधीच्या मालकाने एका स्थानिक बांधकामवाल्याकडून चौकटींतले जुने मातीचे भरण बाहेरून सिमेंटने लिंपून घेतले होते, आणि लाकूड-सिमेंटच्या सांध्यात रबरासारखा चिकट पदार्थ भरून घेतला होता. आम्हाला तर ते फार व्यवस्थित काम वाटले होते.

तिसऱ्या हिवाळ्यात आतल्या भिंतीच्या पायाशी ओल दिसू लागली. तपासणीला आलेल्या सुताराने जोत्यावर आडव्या टाकलेल्या लाकडाला, म्हणजे ज्यावर सगळे खांब उभे असतात त्या पायपाटाला, बाहेरून साधा स्क्रू-ड्रायव्हर टेकवला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. वरून लाकूड धडधाकट दिसत होते. आत तपकिरी भुगा होता.

कारण त्याने असे समजावले. लाकूड ऋतूप्रमाणे फुगते आणि आकसते, सिमेंट हलत नाही. दोघांमध्ये केसाएवढी फट पडतेच, आणि वाऱ्याने मारलेले पावसाचे पाणी तिच्यातून आत जाते. माती आणि चुन्याचे भरण असते तर ते पाणी शोषून पुढच्या कोरड्या दिवसांत बाहेर सोडले गेले असते. सिमेंटच्या मागे ते अडकते, खाली उतरते आणि पायपाटाच्या वरच्या खाचांत साठून राहते. पाचशे वर्षे टिकलेले लाकूड वीस-पंचवीस वर्षांत कुजवायला एवढे पुरते.

दुरुस्तीला परवानगीसह चौदा महिने लागले. सबंध पायपाट बदलायला संवर्धन अधिकाऱ्यांनी नकार दिला, आणि आता मला वाटते की त्यांनी योग्यच केले. कुजलेला साधारण दोन मीटरांचा भाग कापून, खांब जॅकवर तोलून धरून, तिथे ओल्या ओकचा नवा तुकडा लांब तिरक्या सांध्याने जुन्यात गुंतवला. सांधा लपवलेला नाही. नवे लाकूड पिवळट आहे, जुने करडे, आणि कोणालाही जोड ओळखता येतो. मॉरिस यांच्या संस्थेचा आग्रह हाच होता की दुरुस्ती कमीत कमी असावी आणि तिने स्वतःला जुने म्हणवू नये. त्या पहिल्या वर्षी रात्री दिवाणखान्यात काडकन आवाज होई आणि आम्ही दचकून उठत असू. नवा तुकडा वाळताना तडकत होता. तडा पडला म्हणून तक्रार करायला मी फोन केला तेव्हा सुतार हसला आणि म्हणाला की ओकने तडकले नाही तरच फोन करा.

चौकटी पुन्हा चुन्याने लिंपल्या आणि वर चुन्याचे पातळ हात दिले. दर काही वर्षांनी ते पुन्हा द्यावे लागतात. या घराला पुन्हा-पुन्हा हात लावत राहावा लागतो, हे मान्य करूनच ते घ्यावे. ज्यांना हे जमणार नसेल त्यांनी विटांचे घर पाहावे, असे मी स्पष्टच सांगतो.

दर्यावर्दी

जहाजांची कथा गेली, त्याचे दुःख आहे. पण केंटकर, तुमचे जुने लाकूड करडे कसे? चित्रांत तर ही घरे नेहमी काळीपांढरी असतात.

केंटकर

ओक उघड्यावर राहिला की रुपेरी करडा होतो, आणि दक्षिण-पूर्वेकडची बरीच घरे तशीच ठेवलेली असत. कित्येक ठिकाणी चुन्याचा हात लाकूड आणि भरण या दोन्हींवरून सरसकट फिरवत. लाकडावर डांबर किंवा काळा रंग चढवून पांढऱ्याशी ठळक विरोध साधण्याची आवड बऱ्याच अंशी एकोणिसाव्या शतकातली आहे. चेशरसारख्या वायव्येकडच्या भागांत काळेपांढरे अधिक दिसते, आणि तिथे चौकटींत नक्षीदार तिरकी लाकडे भरण्याची हौसही मोठी होती. आमच्याकडे शोभेची कल्पना वेगळी होती : उभी लाकडे गरजेपेक्षा फार जवळजवळ लावायची. दोन लाकडांत लाकडाच्या रुंदीएवढेच अंतर ठेवले की पाहणाऱ्याला कळे, या घराच्या मालकाला ओकचे पैसे मोजायची सवय नाही.

शिवाय केंट-ससेक्समधली कितीतरी लाकडी घरे आज लाकडी दिसतच नाहीत. अठराव्या शतकात विटांची आवड आली तेव्हा लोकांनी सांगाड्यावर कौले टांगली, किंवा समोरून विटांसारखी दिसणारी खास कौले बसवली. लुइस आणि राय या गावांतून चालताना विटेची म्हणून दिसणारी दर्शनी भिंत बोटाने वाजवून पाहावी. पुष्कळदा आत ओक निघतो.

कारवी

इतका वेळ वाचत होते. भरणाचा उल्लेख सगळ्यांनी ओझरता केला, आणि मला त्याच्यातच रस आहे, कारण मी कुडाच्या घरात वाढले. वरच्या लाकडाला खाली भोके आणि खालच्या लाकडाला वर खोबण, असे ते काम असते का? आमच्याकडे कारवीच्या काठ्या उभ्या रोवून, बांधून, वर शेणमाती लिंपतात.

माजघर

अगदी तसेच. ओकच्या चिरलेल्या पट्टीचे वरचे टोक तासून भोकात घालायचे आणि खालचे टोक खोबणीत सरकवत जागी आणायचे. अशा पट्ट्या उभ्या झाल्या की त्यांच्यामधून हेझल या झुडपाच्या लवचीक फांद्या टोपलीसारख्या विणायच्या. मग दोन माणसे दोन बाजूंनी एकाच वेळी चिकणमाती, चिरलेला पेंढा आणि गाईचे शेण यांचा काला दाबून बसवत, म्हणजे विणीतून दोन्हीकडचा काला एकमेकांत गुंतत असे. बेलीफमध्ये हे भरण संग्रहालयाने पुन्हा घातलेले आहे. कुडाला इंग्रजीत जोडनाव आहे, आपल्याकडे एका शब्दात भागते.

आल्फ्रिस्टनच्या जमिनीबद्दल मी सुरुवातीला लिहायला हवे होते, तुमच्यामुळे आठवले. तिथल्या दालनाची जमीन खडूच्या दगडाचा चुरा धुमसून केलेली आहे आणि वरून आंबट दुधाने ती पक्की केलेली आहे; त्या भागातली ही जुनी रीत.

कारवी

आंबट दूध! आम्ही सारवायचो ती जमीन दर आठवड्याला पुन्हा सारवावी लागे आणि अनवाणी पायाला ती किंचित मऊ लागे. ही जमीन पायाला कशी लागते?

माजघर

बूट काढायची सोय नव्हती, म्हणून खाली वाकून तळहात टेकवला. पांढुरकी, मे महिन्यातही गार, आणि पाटीच्या दगडासारखी घट्ट होती. हात उचलून पाहिला तर बोटांना पांढरे काही लागलेले नव्हते.